ग्रंथपालाचा पगार नेमका ठरतो कसा, आणि तो वाढतो कुठे?



मागच्या महिन्यात विभागाच्या वाचनकक्षात एक ज्युनिअर माझ्या शेजारी येऊन बसला. एम.एस्सी. झालेला, सध्या पेटची तयारी करतोय. इकडंतिकडं बघून हळूच म्हणाला, "ताई, एक विचारू? एम.लिब. करून ग्रंथपाल झालं तर पगार किती असतो? आणि पीएच.डी. केली तर वाढतो का?"

मी म्हटलं, "दोन हजारांपासून दोन लाखांपर्यंत."

त्याला वाटलं, मी थट्टा करतेय. पण हे खरं आहे, आणि दोन्ही टोकं आपल्याच महाराष्ट्रातली आहेत. पदाचं नाव एकच असताना इतकी दरी कशी पडते, हा प्रश्न मलाही या विषयात आल्यावर बरीच वर्षं छळत होता. म्हणून आज संशोधन पद्धतीऐवजी पगारावर लिहितेय. तसं पाहिलं तर हाही संशोधनाचाच प्रश्न आहे: फरक कशामुळे पडतो?

आधी एक गोष्ट

मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं. शोधनिबंध कुठे शोधायचे, डीओआय म्हणजे काय, एकच विषय चार वेगवेगळ्या शब्दांनी कसा शोधून बघायचा, हे मला कुठल्या सरांनी नाही, आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयातल्या मॅडमनी शिकवलं. माझं या विषयात येणं त्यांच्यामुळे झालं. त्या सेट उत्तीर्ण होत्या, सोळा वर्षांचा अनुभव होता, आणि दर अकरा महिन्यांनी त्यांना नवीन नेमणूकपत्र मिळायचं. ठोक मानधन बारा हजार. रस्त्यापलीकडच्या कॉलेजात त्यांचीच वर्गमैत्रीण ग्रंथपाल होती. पात्रता तीच, सॉफ्टवेअर तेच, नॅकची कामंही तीच. तिचा पगार लाखाच्या पुढे होता.

मी हा विषय घेतेय म्हटल्यावर मॅडम म्हणाल्या होत्या, "ये, पण पद बघून ये. काम बघून येऊ नकोस." तेव्हा हे कडवट वाटलं. आता कळतं, की त्यांनी वेतननिश्चितीचा पहिला नियम सांगितला होता.

पगार माणसाला नसतो, पदाला असतो

आपली समजूत अशी असते, की शिक्षण अधिक अनुभव अधिक काम बरोबर पगार. ग्रंथालय क्षेत्रात (खरं तर बहुतेक सार्वजनिक नोकऱ्यांत) गणित वेगळं असतं. आधी पद ठरतं, पदाला वेतनश्रेणी चिकटलेली असते, आणि मग त्या पदावर माणूस येऊन बसतो. तुमच्या ग्रंथालयात रोज पन्नास वाचक येतात की पाचशे, यावर श्रेणी हलत नाही. त्यामुळे कुठल्याही ग्रंथपालाचा पगार समजून घ्यायचा असेल, तर तीन प्रश्न विचारा:

१. हे पद मंजूर कोणी केलं? (शासन, विद्यापीठ, की फक्त संस्थेचं व्यवस्थापन)
२. ते कोणत्या वेतन तक्त्यात बसतं? (शैक्षणिक, शिक्षकेतर, की कुठल्याच नाही)
३. पैसा कुठून येतो? (शासनाचं वेतन अनुदान, विद्यार्थ्यांची फी, की ग्रंथालयाला मिळणारं तुटपुंजं वार्षिक अनुदान)

या तिन्हींची उत्तरं मिळाली, की पगाराचा अंदाज बांधता येतो. आता एकेक प्रकार बघू.

पहिलं दार: कॉलेज आणि विद्यापीठ

अनुदानित कॉलेजचा ग्रंथपाल आणि विद्यापीठाचा सहायक ग्रंथपाल ही पदं यूजीसीच्या शैक्षणिक वेतन तक्त्यात येतात. म्हणजे सुरुवात सहायक प्राध्यापकाच्या बरोबरीनं. सातव्या वेतन आयोगानुसार आकडे असे आहेत (मूळ वेतन, दरमहा):

- अॅकॅडमिक लेव्हल १०: ५७,७०० पासून
- लेव्हल ११: ६८,९०० पासून
- लेव्हल १२: ७९,८०० पासून
- लेव्हल १३ए: १,३१,४०० पासून
- लेव्हल १४: १,४४,२०० पासून (विद्यापीठाचा ग्रंथपाल)

महाराष्ट्रात हा तक्ता ८ मार्च २०१९ च्या शासन निर्णयानं, १ जानेवारी २०१६ पासून लागू झाला.

५७,७०० हा आकडा कुठून आला? सहाव्या आयोगात या पदाचं सुरुवातीचं वेतन २१,६०० होतं (१५,६०० अधिक ६,००० ग्रेड पे). त्याला २.६७ ने गुणलं, की ५७,६७२ येतात. जवळच्या शंभरात आणले, की झाले ५७,७००. वेतन आयोग आला की दर वेळी साधारण असंच काहीतरी होतं. म्हणजे जुना पगार हाच नव्या पगाराचा पाया असतो. एखादं पद एकदा खालच्या पायरीवर बसवलं गेलं, की पुढचा प्रत्येक आयोग त्याला त्याच पायरीवरून गुणतो. जानेवारी २०२५ मध्ये केंद्रानं आठव्या आयोगाला मंजुरी दिली आहे. त्यावरच्या बातम्या वाचताना हे लक्षात ठेवा.

मूळ वेतनावर महागाई भत्ता आणि घरभाडे भत्ता येतो. उदाहरणासाठी केंद्राच्या अखत्यारीतली एखादी पुण्यातली संस्था घेऊ. १ जानेवारी २०२४ पासून केंद्राचा महागाई भत्ता ५० टक्के झाला आणि पुण्या-मुंबईसारख्या शहरांत घरभाडे भत्ता ३० टक्के. म्हणजे ५७,७०० + २८,८५० + १७,३१० = १,०३,८६०. यातून पेन्शन योजनेची १० टक्के कपात (मूळ वेतन आणि महागाई भत्ता यांवर, म्हणजे ८,६५५), व्यवसाय कर आणि आयकर जातो. हातात किती येतात ते यावरून काढता येईल.

पात्रता काय लागते? ग्रंथालय व माहितीशास्त्रात ५५ टक्क्यांसह पदव्युत्तर पदवी, आणि नेट किंवा सेट (किंवा नियमात बसणारी पीएच.डी.). नेटला या विषयाचा क्रमांक ५९ आहे. आपली सेट परीक्षा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं.

आता कटू भाग. हे दार अरुंद आहे. एका कॉलेजात प्राध्यापक पन्नास असू शकतात, ग्रंथपाल मात्र एकच असतो. नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्य शासनानं अनुदानित कॉलेजांतल्या ४,७३८ पदांच्या भरतीला मान्यता दिली. त्यात सहायक प्राध्यापक ३,५८० होते आणि ग्रंथपाल १६३. अख्ख्या महाराष्ट्रासाठी १६३! त्यामुळे सेट झाली म्हणजे पद मिळालं असं होत नाही. आमच्या मॅडमचं उदाहरण वर आलंच आहे.

दुसरं दार: शिक्षकेतर शिडी

याच विद्यापीठांच्या ग्रंथालयांत दुसरी शिडी असते. केंद्रीय विद्यापीठांत ग्रंथालय सहायक (लेव्हल ४, २५,५००), सेमी प्रोफेशनल असिस्टंट (लेव्हल ५, २९,२००), प्रोफेशनल असिस्टंट (लेव्हल ६, ३५,४००) अशा पायऱ्या असतात. केंद्र सरकारच्या मंत्रालयांतला ग्रंथालय व माहिती सहायक लेव्हल ६ वर असतो. केंद्रीय विद्यालयाचा ग्रंथपाल लेव्हल ७ वर, म्हणजे ४४,९०० पासून.

इथं मुलं हमखास एक चूक करतात. केंद्राच्या सर्वसाधारण तक्त्यातली लेव्हल १० आणि यूजीसीची अॅकॅडमिक लेव्हल १० एकच समजतात. पहिली ५६,१०० ला सुरू होते, दुसरी ५७,७०० ला. सुरुवातीला फरक छोटा दिसतो, पण पुढं बढतीचे नियम पूर्ण वेगळे आहेत. शैक्षणिक तक्त्यात पद रिकामं नसलं तरी ठरावीक वर्षांनी वरची लेव्हल मिळू शकते. शिक्षकेतर शिडीवर वरच्या पदावर जायला साधारणपणे ते पद रिकामं व्हावं लागतं (तिथं मिळते ती आश्वासित प्रगती योजना, पण तिच्या पायऱ्या बऱ्याच लांब आहेत). त्यामुळे जाहिरातीत फक्त आकडा बघू नका. 'अॅकॅडमिक लेव्हल' लिहिलंय की नुसतं 'लेव्हल', ते बघा.

तिसरं दार: शाळा आणि गावचं वाचनालय

शाळेत ग्रंथपालाचं पद पटसंख्येवर अवलंबून असतं. पट कमी झाला, तर पूर्णवेळ पद अर्धवेळ होतं आणि पगारही त्याच मापानं खाली येतो. काम मात्र अर्धं होत नाही. पुस्तकं तेवढीच, कपाटं तेवढीच.

आणि सगळ्यात खालचं टोक म्हणजे आपली सार्वजनिक ग्रंथालयं. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा. त्यानुसार मान्यता मिळालेल्या ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग आहेत आणि वर्गानुसार वार्षिक अनुदान. ही ग्रंथालयं संस्था चालवतात, शासन फक्त अनुदान देतं. म्हणजे तिथला ग्रंथपाल शासनाचा नोकर नाही, आणि त्याला कुठलाच वेतन आयोग लागू नाही.

२०२२ मध्ये या अनुदानात ६० टक्के वाढ झाली. ऐकायला मोठी वाटते. पण 'ड' वर्गाचं अनुदान ३०,००० वरून ४८,००० झालं, तेही वर्षाला. त्यातला निम्मा भाग वेतनासाठी आणि निम्मा पुस्तकं, वृत्तपत्रं, वीज वगैरेसाठी. म्हणजे वर्षाला २४,०००, महिन्याला २,०००. वाढ होण्याआधी हाच आकडा १,२५० होता. जिल्हा 'अ' वर्गाला ११,५२,००० मिळू लागले. त्यातले निम्मे म्हणजे महिन्याला ४८,०००, आणि ते ग्रंथपालापासून शिपायापर्यंत सगळ्यांत वाटायचे.

मी क्षेत्रकार्याला एका 'ड' वर्ग वाचनालयात गेले होते. ग्रंथपाल काका सकाळी दूध घालतात, संध्याकाळी वाचनालय उघडतात. मी प्रश्नावलीत 'व्यवसाय' या रकान्यापुढे काय लिहू म्हणून विचारलं. ते म्हणाले, "दूध लिहा. हे आवडीचं." माझ्या दोन हजारांच्या उत्तरामागं हे काका आहेत.

चौथं दार: विनाअनुदानित आणि खासगी

विनाअनुदानित कॉलेजात पात्रतेचे नियम तेच, पण पैसा फीमधून येतो. कागदावर वेतनश्रेणी असू शकते आणि हातात ठोक मानधन पडू शकतं. मॅडम याच दारातून आत आल्या होत्या.

खासगी कंपन्यांची गोष्ट वेगळी. औषध कंपन्या, पेटंट शोध करणाऱ्या संस्था, विधी कंपन्या, माध्यमं यांना माहिती शोधणारी माणसं लागतात, पण तिथं पदाचं नाव बहुधा 'ग्रंथपाल' नसतंच. माहिती विश्लेषक, पेटंट शोधक, नॉलेज मॅनेजर असं काहीतरी असतं. इथं तक्ता नाही, बोलणी असतात. आणि आपल्यासारख्या विज्ञान शाखेतून आलेल्यांचा फायदा इथंच आहे. रेणूची रचना वाचता येणारा आणि डेटाबेसही कोळून प्यायलेला माणूस सहज मिळत नाही.

म्हणून सरासरी काढू नका

आता संशोधनाचा एक छोटा धडा. समजा, पाच ग्रंथपालांचे पगार असे आहेत (काल्पनिक उदाहरण): २,०००, १२,०००, १५,०००, ४५,०००, १,०६,०००. सरासरी येते ३६,०००. पण या पाचांपैकी एकाचाही पगार ३६,००० च्या आसपास नाही! मध्यक १५,००० आहे, आणि तोही पूर्ण चित्र सांगत नाही. कारण हा एक समूह नाहीच, चार वेगवेगळे समूह एका नावाखाली गोळा झालेत. 'भारतात ग्रंथपालाचा सरासरी पगार अमुक' असं एखाद्या संकेतस्थळावर दिसलं, तर आधी विचारा: कोणत्या दाराचा? प्रबंधात वेतनाचा अभ्यास घेणार असाल, तर नमुना निवडतानाच स्तर पाडा. नाहीतर अनुभव आणि पगार यांचा सहसंबंध काढाल, आणि सोळा वर्षांच्या अनुभवाला बारा हजार बघून चक्रावून जाल.

ही बरोबरी आपोआप आली नाही

कॉलेजचा ग्रंथपाल प्राध्यापकाच्या श्रेणीत कसा बसला? यामागं एक अहवाल आहे. १९५७ मध्ये यूजीसीनं ग्रंथालय समिती नेमली, अध्यक्ष डॉ. एस. आर. रंगनाथन. हे मूळचे गणिताचे प्राध्यापक, १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. (दुसऱ्या विषयातून या क्षेत्रात येणारे आपण पहिले नाही, हे जाता जाता!) तेव्हा यूजीसीचे अध्यक्ष आपले चिंतामणराव देशमुख होते. १९५९ च्या अहवालात समितीनं शिफारस केली, की ग्रंथालयातल्या व्यावसायिक कर्मचाऱ्यांचा दर्जा आणि वेतन अध्यापन व संशोधन करणाऱ्यांच्या बरोबरीचं असावं.

युक्तिवाद साधा होता. विद्यापीठातला ग्रंथपाल पुस्तकं राखत नाही, तो शिकवण्याच्या आणि संशोधनाच्या कामात भाग घेतो. एकदा काम असं मांडल्यावर पदाचा तक्ता बदलण्याची वाट मोकळी झाली. सार्वजनिक ग्रंथालयांच्या बाबतीत वेतनश्रेणीची मागणी वर्षानुवर्षं होते आहे, पण तिथलं पद आजही कुठल्याच तक्त्यात बसलेलं नाही. एका बाजूला लाख आणि दुसऱ्या बाजूला दोन हजार, यातला मुख्य फरक हाच आहे.

मग पीएच.डी. केली तर पगार वाढतो का?

आता ज्युनिअरच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. उत्तर: योग्य तक्त्यात असाल तर वाढतो. पण कधी आणि किती, ते बघण्यासारखं आहे.

यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार लेव्हल १० वरून ११ वर जायला पीएच.डी. असेल तर ४ वर्षं, एम.फिल. असेल तर ५, काहीच नसेल तर ६ वर्षं लागतात. पुढं ११ वरून १२ ला ५ वर्षं आणि १२ वरून १३ए ला ३ वर्षं, सगळ्यांना सारखीच. लेव्हल १४ ला पीएच.डी. लागतेच, आणि विद्यापीठात उपग्रंथपाल किंवा ग्रंथपाल म्हणून थेट निवड हवी असेल तरीही लागते.

दोन माणसं घेऊ. दोघंही एकाच दिवशी ५७,७०० वर लागले. 'अ' कडे पीएच.डी. आधीच आहे. 'ब' नं ती नोकरीत असताना सातव्या वर्षी पूर्ण केली. बाकीच्या अटी दोघांनीही वेळेत पाळल्या. दरवर्षी एक वेतनवाढ धरा. लेव्हल बदलताना नियम असा, की आधी आहे त्याच लेव्हलमध्ये एक वेतनवाढ द्यायची आणि मग वरच्या लेव्हलमधला तेवढाच किंवा लगेच वरचा आकडा घ्यायचा.

चार वर्षं पूर्ण झाली, की 'अ' ६८,९०० वर जातो, 'ब' ६४,९०० वर असतो. फरक ४,०००. पाच वर्षांनी ७१,००० आणि ६६,८००. सहा वर्षांनी 'ब' लाही लेव्हल ११ मिळते: ७३,१०० आणि ७१,०००. फरक उरला २,१००. या दोन वर्षांत 'अ' ला मूळ वेतनात एकूण ९८,४०० रुपये जास्त मिळाले. एवढ्यासाठी कोण पीएच.डी. करेल?

आता पुढं चला. बारा वर्षं पूर्ण झाली, की 'अ' लेव्हल १३ए मध्ये, म्हणजे १,३१,४०० वर. 'ब' अजून लेव्हल १२ मध्येच, ८९,८०० वर. फरक ४१,६००. तेरा वर्षांनी १,३५,३०० आणि ९२,५००, फरक ४२,८००. चौदाव्या वर्षानंतर 'ब' १,३१,४०० वर येतो, तेव्हा 'अ' १,३९,४०० वर असतो. या दोन वर्षांत मूळ वेतनातलाच फरक झाला १०,१२,८०० रुपयांचा. भत्ते वेगळेच.

म्हणजे पहिल्या पायरीवर वाचलेली दोन वर्षं चौथ्या वर्षी जेमतेम दिसतात आणि बाराव्या वर्षी दहा लाखांच्या रूपानं भेटतात. कारण १२ आणि १३ए यांच्या मध्ये तक्त्यातली सगळ्यात मोठी उडी आहे.

पण म्हणून हातातलं मंजूर पद सोडून आधी पीएच.डी. करायची का? माझं मत: नाही. जेआरएफ दरमहा ३७,००० आहे आणि दोन वर्षांनी ४२,०००. मंजूर पदाचं मूळ वेतनच ५७,७००, शिवाय जागा पुन्हा कधी निघेल याचा भरवसा नाही. पद मिळत असेल तर रुजू व्हा, लगेच नोंदणी करा आणि चार वर्षांच्या आत प्रबंध द्यायचा प्रयत्न करा. पद मिळत नसेल तर वाट बघण्याचा काळ पीएच.डी.त घाला.

तारखांची फाइल

माझ्या प्रबंधासाठी ग्रंथपालांशी बोलताना एक गोष्ट वारंवार ऐकली. पगार पात्रतेअभावी कमी अडकला होता, तारखांपायी जास्त. पहिल्या पायरीला २१ दिवसांचा उद्बोधन वर्ग आणि ग्रंथालय स्वयंचलन, डिजिटायझेशन यांसारख्या विषयावरचं किमान ५ दिवसांचं प्रशिक्षण लागतं. नियम सांगतो, की पात्रता पूर्ण होताच अर्ज केला आणि निवड झाली, तर बढती पात्रतेच्या दिवसापासून धरली जाते. पण अट उशिरा पूर्ण झाली, तर बढती त्या उशिराच्या तारखेपासून. वर्ग एक वर्ष लांबवला तर ते वर्ष पुढच्या प्रत्येक पायरीवर तुमच्यामागं येतं, आणि त्याची खरी किंमत बाराव्या वर्षी कळते.

म्हणून पहिल्या दिवसापासून एक फाइल करा. त्यात हे ठेवा: जाहिरातीचं कात्रण, पदमंजुरीचं पत्र, निवड समितीचा अहवाल, नेमणूकपत्र, रुजू अहवाल, विद्यापीठाची मान्यता, वेतननिश्चितीचा तक्ता, प्रत्येक प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र. सेवापुस्तकातल्या नोंदी वर्षातून एकदा स्वतः तपासा. आपण दुसऱ्यांच्या कागदांची सूची करतो, स्वतःच्या कागदांची करत नाही!

एकट्यानं न वाढणारा पगार

इथपर्यंतचं सगळं पहिल्या दारातल्यांना उपयोगी आहे. पण दूध घालणाऱ्या काकांनी उद्या पीएच.डी. केली, तरी त्यांचे दोन हजार दोन हजारच राहतील. आमच्या मॅडमनी केली, तरी मानधन बाराच हजार. तिथं माणूस बदलून काही होत नाही, पदाची किंमत बदलावी लागते. ते कसं होतं, याचं एक परदेशातलं उदाहरण मला फार शिकवून गेलं.

अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे शहरात नगरपालिकेच्या नोकऱ्यांचा एक अभ्यास झाला. प्रत्येक पदाला ज्ञान, जबाबदारी, निर्णयाची अवघडता यांवर गुण दिले आणि मग समान गुणांच्या पदांचे पगार शेजारी मांडले. दिसलं असं, की जिथं बायका जास्त आहेत अशा पदांना (ग्रंथालयातली पदं त्यातच आली) समान गुण असूनही पुरुषांची संख्या जास्त असलेल्या पदांपेक्षा कमी पगार आहे. हा अभ्यास हातात घेऊन कर्मचारी जुलै १९८१ मध्ये संपावर गेले. नऊ दिवसांनी तडजोड झाली आणि वेतनातली ही दरी कमी करण्यासाठी दोन वर्षांत सुमारे साडेचौदा लाख डॉलर मंजूर झाले.

तिथं ग्रंथपालांनी 'आम्हाला कमी मिळतं' एवढंच म्हटलं नाही. 'या पदाची तुलना कोणत्या पदाशी व्हावी' हा प्रश्न पुराव्यासकट मांडला. रंगनाथन समितीनंही वेगळ्या मार्गानं तेच केलं होतं. आपल्याकडच्या वाचनालयांसाठी आणि कंत्राटी ग्रंथपालांसाठी असा कामाचा, गुणांचा, तुलनेचा बारकाईनं केलेला अभ्यास कुणीतरी करायला हवा. विषय शोधत असाल तर हा घ्या. मी आनंदानं माझी प्रश्नावली देईन.

थोडक्यात, नेमणूकपत्रावर सही करण्याआधी

- पद मंजूर आहे का, आणि कोणी मंजूर केलंय?
- वेतनश्रेणी लेव्हलसह लिहिलीय, की 'नियमानुसार' एवढंच?
- अनुदानित की विनाअनुदानित?
- विद्यापीठाची मान्यता कोण आणि कधीपर्यंत घेणार?
- कालावधी किती? अकरा महिने असेल, तर खंड न देता सेवा धरली जाईल का?

यातल्या तीन प्रश्नांना धड उत्तर मिळालं नाही, तर नोकरी करू नका असं मी म्हणणार नाही. पोट सगळ्यांना असतं. पण किती दिवस करायची, ते त्याच दिवशी ठरवा आणि सेटचा फॉर्म भरून ठेवा.

ज्युनिअरनं एम.लिब.ला प्रवेश घेतलाय. आणि मॅडम अजून त्याच कॉलेजात आहेत. परवा भेटले तेव्हा नवीन आलेल्या मुलांना कळीचे शब्द कसे निवडायचे ते शिकवत होत्या. मी त्यांना 'अ' आणि 'ब' चा हिशेब दाखवला. त्यांनी कागद नीट वाचला, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "गणित बरोबर आहे. आता यात माझं अक्षर कुठलं, तेवढं शोध."

मी अजून शोधतेय.